लेकरांचे मौन आणि आपली जबाबदारी

बाबासाहेबांनी 1924 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि 1925 च्या जानेवारीत सोलापुरात सभेचे वसतिगृह सुरू झाले. आपल्या चळवळीत वसतिगृह म्हणजे केवळ राहण्या-जेवण्याची सोय नव्हती. गावकुसाबाहेरून आलेल्या मुलाला आपलेपण देणारे ते दुसरे घर होते. म्हणूनच निवासी शाळेच्या या स्मरणिकेत आम्ही एका अवघड विषयाकडे लक्ष वेधू इच्छितो. तो विषय म्हणजे तरुणांच्या आत्महत्या.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात 1,70,924 आत्महत्या झाल्या. त्यांत 13,044 विद्यार्थी होते. राज्यांमध्ये सर्वाधिक, म्हणजे 22,746 नोंदी महाराष्ट्रातील होत्या. अशा घटनेला एकच कारण कधी नसते. नापिकी, कर्ज, परीक्षा, आजार, अपमान आणि एकटेपणा यांची गुंतागुंत असते. गडचांदूर परिसरात कापूस पिकवणाऱ्या किंवा सिमेंट कारखान्यात राबणाऱ्या घरातील पहिले शिकणारे मूल साऱ्या कुटुंबाची आशा खांद्यावर घेऊन शहरात जाते. तेथे ते खचले, तरी घरी सांगण्याचे धैर्य त्याला होत नाही.

रोहित वेमुला (2016) आणि जळगावच्या तडवी भिल्ल समाजातील डॉ. पायल तडवी (2019) यांच्या मृत्यूंनी उच्च शिक्षणसंस्थांतील जातीय भेदभावाचा प्रश्न देशापुढे आला. दोघांच्या मातांनी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. त्यांचे स्मरण करताना आपण मृत्यूचा गौरव करू नये. न्यायाचा लढा त्या माता लढत आहेत. तो जिवंत माणसांनीच लढायचा असतो, हे मुलांच्या मनावर ठसले पाहिजे.

दुःख बोलून दाखवणे म्हणजे दुबळेपणा, हा समजही सोडावा लागेल. पुत्र राजरत्नच्या निधनानंतर 1926 मध्ये बाबासाहेबांनी दत्तोबा पवारांना पत्र लिहून आपले दुःख मोकळे केले होते. पुढच्याच वर्षी महाडचा सत्याग्रह झाला.

मूल अबोल झाले, झोप-जेवण बिघडले, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागले, ‘माझा सर्वांना भार होतो’ असे म्हणू लागले, तर ते नाटक समजू नये. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे मायेने, स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट कोंडी फुटते. उपदेश न करता ऐकावे, त्याला एकटे सोडू नये, शेतीची विषारी औषधे कुलपात ठेवावीत आणि डॉक्टरांकडे न्यावे. ‘टेलिमानस’ची 14416 ही शासकीय सेवा विनामूल्य असून अहोरात्र उपलब्ध आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अशा व्यक्तीला गुन्हेगार न मानता तिची काळजी घेणे अपेक्षित आहे. दहावीत अपयश आले, तरी 2015 पासून त्याच वर्षी पुरवणी परीक्षेची संधी मिळते, हे निकालाआधीच मुलांना सांगावे.

तथागतांनी स्वयंदीप होण्यास सांगितले, तसा संघही दिला. दिवा मंदावतो तेव्हा शेजारच्या दिव्याने तो सावरायचा असतो. माजी विद्यार्थ्यांनी नागपूर, पुणे, मुंबईत शिकणाऱ्या आपल्या शाळेच्या एकेका मुलाशी नियमित बोलण्याची जबाबदारी घ्यावी. गुणांची चौकशी नंतर करावी. आधी ‘कसा आहेस, बाळा?’ एवढे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.