विमानतळाजवळ घर बांधताय? आधी उंची विचारा

मैत्रिणींनो, कोपरगाव तालुक्यात काकडीला शिर्डीचं विमानतळ 2017 मध्ये सुरू झालं. विमानतळ आलं की जमिनीचा भाव सगळ्यांना कळतो. घर किती उंच नेता येईल, हे मात्र कुणी विचारत नाही.

केंद्र सरकारच्या 2015 च्या नियमांप्रमाणे विमानतळाभोवती साधारण 20 किलोमीटरपर्यंत उंचीला मर्यादा असते. धावपट्टीच्या सरळ रेषेत ती सगळ्यात कडक. आणि उंची मोजतात समुद्रसपाटीपासून, जोत्यापासून नाही! समजा, मर्यादा 580 मीटर आणि आपली जमीनच 565 मीटरवर, तर हातात उरले 15 मीटर. जिन्याची खोली, पाण्याची टाकी, मोबाईल टॉवर सगळं त्यातच बसवायचं. माळावर बांधणारीला खालच्या आळीपेक्षा कमी उंची मिळते ती यामुळेच.

रंगीत नकाशा निघाला असेल तर त्यातल्या लाल भागात विमानतळ प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला लागतो. बाकी रंगांत, दिलेल्या उंचीपर्यंत, बांधकाम परवानगी देणारं कार्यालयच मंजुरी देतं. गटातून वरच्या मजल्यासाठी कर्ज उचलण्याआधी ही चौकशी कराच. मर्यादेबाहेरचं बांधकाम पाडायला लावता येतं, हप्ते मात्र चालूच राहतात.

कोंबड्यांचा, चिकनचा धंदा करणाऱ्या ताईंनी आणखी एक लक्षात ठेवा. विमानतळापासून 10 किलोमीटरच्या आत पक्षी जमतील असा कचरा, घाण उघड्यावर टाकायला बंदी आहे. घारी-कावळे येतात नि विमानाला धडकतात. पिसं, आतडी ओढ्यात नको. खोल खड्ड्यात पुरा.