गिऱ्हाईक जोडणारें मासिक पत्रक

पीक उत्तम काढणें ही शेतकऱ्याची निम्मी विद्या होय. तें पीक योग्य हातीं योग्य किंमतीस पोंचविणें ही उरलेली निम्मी. पहिल्या विद्येविषयीं वेळोवेळीं पुष्कळ लिहिलें जातें. आज दुसऱ्या विद्येच्या एका साध्या व अल्प खर्चाच्या साधनाचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. हें साधन म्हणजे आपल्या गिऱ्हाइकांस दर महिन्यास नियमानें धाडलेलें माहितीचें पत्रक. गूळ, काकवी, बेदाणा, हळद, घाण्याचें तेल, कलमें-रोपें असा एखादा लहान धंदा शेतीच्या जोडीनें करणाऱ्या बंधूंस त्याचा विशेष उपयोग आहे.

जाहिरात ही व्यापाऱ्याची कला, ती शेतकऱ्यास काय कामाची, असें कोणी म्हणेल. परंतु जाहिरात व माहिती या दोन वेगळ्या वस्तु आहेत. जाहिरात म्हणते, ‘माझा माल घ्या.’ माहिती म्हणते, ‘माल असा पारखा, असा वापरा, असा टिकवा.’ पहिलीकडे लोक पाठ फिरवितात. दुसरी घरांत जपून ठेवतात. आणि ज्यानें आपणांस पारख शिकविली त्याच्याच दारीं गिऱ्हाईक पुन्हा येतें, हा जगाचा अनुभव आहे.

दोन दाखले

याचा उत्तम दाखला आपल्याच प्रांतांत आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १९१० सालीं औंध संस्थानांत कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना वसविला. तीच आजची किर्लोस्करवाडी. लोखंडी नांगर व कडबा कापण्याचें यंत्र हा त्यांचा आरंभींचा माल. परंतु लोखंडानें जमीन विषारी होते असा त्या वेळीं शेतकऱ्यांत समज होता, व पहिले नांगर खपविण्यास त्यांस फार सायास पडले. माल चांगला होता. अडचण होती ती गिऱ्हाइकाच्या मनांतील अज्ञानाची. तें केवळ किंमत उतरवून दूर होण्यासारखें नव्हतें. पुढें १९२० सालीं त्यांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनीं ‘किर्लोस्कर खबर’ हें पत्र सुरू केलें. कारखान्याच्या मालाची वार्ता देणारें हें लहानसें गृहपत्र वाढत वाढत ‘किर्लोस्कर’ या नांवानें महाराष्ट्रांतील एक मान्यवर मासिक झालें. त्याच्याच मागून १९३० सालीं ‘स्त्री’ व १९३४ सालीं ‘मनोहर’ हीं मासिकें निघालीं. नांगराच्या कारखान्याचें नांव ज्या घरांत नांगर कधींच जाणार नव्हता अशा घरांतहि या रीतीनें आदरानें पोंचलें.

दुसरा दाखला अमेरिकेंतील. जॉन डीर या लोहारानें १८३७ सालीं इलिनॉय संस्थानांत गुळगुळीत पोलादी फाळाचा नांगर केला. तेथील चिकट काळी माती बिडाच्या फाळास लडबडून बसत असे, ती या फाळावरून घसरूं लागली. त्याच्या मागून त्याच्या कंपनीनें १८९५ सालीं ‘दि फरो’, म्हणजे नांगराचें तास, या नांवाचें पत्र शेतकऱ्यांसाठीं काढलें. त्यांत शेतीची उपयुक्त माहिती देण्याचा प्रघात पडला. सव्वाशें वर्षें उलटलीं तरी तें पत्र आजहि निघत आहे. ज्या प्रथेस लाभ नाहीं ती इतकीं वर्षें कोणी चालवीत नाहीं.

हे दोन्ही कारखाने पुढें मोठे झाले हें खरें. परंतु त्यांतील तत्त्व लहान धंद्यासहि तितकेंच लागू पडतें. किंबहुना लहानासच अधिक. कारण त्याचीं गिऱ्हाइकें थोडीं असतात व त्यांस तो नांवानिशीं ओळखूं शकतो.

गुळाचें उदाहरण

आतां हें तत्त्व गुऱ्हाळास लावून पाहूं. गुळास पिवळाधमक रंग यावा म्हणून उकळत्या रसांत हायड्रॉस पावडर घालण्याची चाल पडली आहे. सौद्याच्या वेळीं आडत्या व खरेदीदार ढेपेचा रंग पाहून भाव बोलतात. जो शेतकरी ही पावडर वर्ज्य करून केवळ रानभेंडीच्या चिकट पाण्यानें मळी काढतो व बेताचा चुना वापरतो, त्याचा गूळ तांबूस किंवा तपकिरी निघतो. म्हणजे ज्यानें माल शुद्ध ठेवला त्यासच पुष्कळदां भाव कमी मिळतो! हा अन्याय बाजारांत ओरडून मिटणार नाहीं. रंगाचें कारण ज्यास ठाऊक आहे असें गिऱ्हाईक तयार करणें, हाच त्यावर उपाय. आणि तें तयार होतें माहितीनें.

असा शेतकरी पत्रकांत काय लिहील? विषयांची वाण मुळींच नाहीं. गुऱ्हाळ सुरू होण्यापूर्वीं, उसाचें पाणी कां तोडतात व तुटलेला ऊस शिळा झाल्यास गूळ कां बिघडतो, हें लिहावें. हंगामांत, काहिलींतील रस गूळ होईपर्यंत कोणत्या अवस्थांतून जातो व गुळव्या पाक कसा ओळखतो, हें सांगावें. संक्रांतीच्या सुमारास तिळगुळास व पोळीस कोणता गूळ चांगला, हें घरच्या सुगरणीस विचारून द्यावें. उन्हाळ्यांत काकवीचे उपयोग. आणि मृगापूर्वीं, गूळ हवेंतील ओल शोषून पाघळतो म्हणून तो घट्ट झांकणाच्या कोरड्या डब्यांत कसा ठेवावा, हें लिहावें. आडसाली लागणीच्या वेळीं पुढील ऊस कोणत्या रानांत, कोणत्या पाण्यावर व कोणत्या खतावर वाढत आहे, हें कळवावें. खारवट पाण्यावरील किंवा उशिरा भारी नत्र दिलेल्या उसाचा गूळ हलका कां होतो, हें वाचल्यावर गिऱ्हाइकास आपल्या मेहनतीची किंमत आपोआप कळते.

पाळावयाचे नियम

१. नियमितपणा. दर महिन्यास एक पान, पण ठरल्या तिथीस. चार महिने भरभरून लिहून पुढें मौन धरण्यापेक्षां अर्धें पान वर्षभर चालविणें बरें. पेरणीप्रमाणें यांतहि वेळ साधण्यास मोल आहे.

२. एका पत्रकांत एकच विषय. वाचणाऱ्याच्या मनांत जो प्रश्न उभा राहतो त्यावरच लिहावें. गिऱ्हाइकांनीं विचारलेले प्रश्न एका वहींत टिपून ठेवावे. तीच वही वर्षभर विषय पुरवील.

३. तीन वाटे उपयुक्त माहितीस, एक वाटा विक्रीस. माल काय शिल्लक आहे, भाव काय, मागणी कोठें कळवावी, एवढें शेवटीं स्पष्ट लिहावें.

४. सत्य. जें स्वतः केलें व पाहिलें तेंच लिहावें. गुळानें अमुक रोग बरा होतो असलीं विधानें कदापि करूं नयेत. तीं खरीं ठरत नाहींत व कायद्यासहि मान्य नाहींत. अवकाळी पावसानें गूळ मऊ झाला असेल तर तसें आपण होऊन आधीं कळवावें. वाईट वर्षीं खरें सांगणाऱ्याचा शब्द चांगल्या वर्षीं कोणी तपासून पाहत नाहीं.

५. उत्तर. गिऱ्हाइकाच्या तक्रारीस दोन दिवसांत उत्तर जावें. पत्रक हें एका बाजूनें वाजणारें ढोल नव्हे. तो संवाद आहे.

पत्रक पोंचविण्याचे मार्ग अनेक आहेत. प्रत्येक डब्याबरोबर एक प्रत घालावी, दूरच्यांस टपालानें पाठवावी, व ज्यांच्या घरीं भ्रमणध्वनि आहे त्यांस त्यावर धाडावी. मात्र ज्यानें संमति दिली त्यासच पाठवावें, व नको म्हणणाऱ्याचें नांव यादींतून तात्काळ काढावें.

हिशेब व मर्यादा

समजा, या रीतीनें साठ घरें जोडलीं व प्रत्येक घरानें वर्षास वीस किलो गूळ घेतला. तर १,२०० किलो गूळ थेट खपतो. शंभर किलो उसास दहा ते बारा किलो गूळ पडतो, या मानानें यास दहा ते बारा टन ऊस लागतो. एकरीं चाळीस टन पिकविणाऱ्यास हें पाव एकराहून थोडें अधिक झालें. यावरून दोन गोष्टी दिसतात. एक, आरंभ करण्यास फार मोठी गिऱ्हाइकी लागत नाहीं. दुसरी, केवळ पत्रकावर विसंबून बाजार एकदम सोडणें शहाणपणाचें नाहीं. थेट विक्रीचा वाटा वर्षागणिक वाढवीत न्यावा. डबे, भराई, वाहतूक व परवाना यांचा खर्च वजा करून उरलेला भाव सौद्याच्या भावाशीं ताडून पाहावा. कोणत्या पत्रकानंतर किती मागण्या आल्या, जुन्यांपैकीं किती घरांनीं पुन्हा माल घेतला, याची नोंद ठेवावी. पहिल्या वर्षीं फळ थोडें दिसेल. हें झाड कलमाप्रमाणें आहे; तें लावल्या वर्षींच धरत नाहीं.

एकट्यास लिहिणें जमत नसेल तर गांवांतील चार-पांच गुऱ्हाळवाल्यांनीं मिळून एक पत्रक चालवावें. शाळेंत शिकणारा मुलगा किंवा मुलगी घरीं असल्यास लेखनाचें काम त्यांजकडे सोंपवावें. त्यांस धंदा कळेल व धंद्यास त्यांची लेखणी मिळेल. परंतु सामाईक पत्रक असलें तरी प्रत्येक डब्यावर ज्याचा माल त्याचेंच नांव असावें, म्हणजे एकाच्या निष्काळजीपणाचा ठपका इतरांवर येणार नाहीं.

माल आडत्याच्या पेढीवर उतरला कीं त्याचें नांव पुसलें जातें; ढेप राहते, शेतकरी नाहींसा होतो. तें नांव ग्राहकाच्या घरापर्यंत पोंचविण्याचें काम हें एक पान करूं शकतें. आमच्या बंधूंनीं येत्या हंगामाचें चुलवाण पेटण्यापूर्वीं आपल्या ओळखीच्या वीस घरांची यादी करावी, एक वही घालावी, आणि पहिलें पत्रक लिहावयास घ्यावें.