शहरातील डासांची मोजदाद

पावसाळा सरत आला की आमच्या आंतररुग्ण विभागातील खाटा डेंगी व हिवतापाच्या रुग्णांनी भरू लागतात. रुग्ण बरा होऊन घरी जातो. ज्या पिंपातून दुखणे आले ते मात्र घरी तसेच असते. म्हणून डासांवर पाळत कशी ठेवतात, याची माहिती आमच्या देणगीदारांना व रुग्णांच्या नातेवाइकांना असावी, असे आम्हांस वाटते.

पाहणीत मुख्यतः उडते डास नव्हे, तर पाण्यातील अळ्या शोधतात. समजा, ५० घरांतील पाण्याची १५० भांडी तपासली आणि ६ घरांतील ९ भांड्यांत एडिस डासाच्या अळ्या आढळल्या. शेकडा १२ घरे दूषित, हा घर निर्देशांक. शेकडा ६ भांडी दूषित, हा भांडी निर्देशांक. दर शंभर घरांमागे दूषित भांडी १८, हा ब्रेटो निर्देशांक. त्यात करवंटी आणि मोठा हौद यांना सारखेच मोल मिळते, ही त्याची उणीव. शिवाय कुलूपबंद सदनिका व गच्चीवरील टाक्या तपासणीतून सुटल्या, तर आकडा खोटा दिलासा देतो.

मुंबईत डॉ. बेंटली यांच्या १९११ सालच्या अहवालाने हिवतापाचा संबंध विहिरींत वाढणाऱ्या ॲनाफिलिस स्टिफेन्सी डासाशी जोडला. पुढे अनेक विहिरी बुजविल्या वा झाकल्या गेल्या. डासाने गच्चीवरील टाक्यांचा आश्रय घेतला. २०१२ साली तो आफ्रिकेतील जिबुतीतही आढळला.

एडिसची अंडी पाण्याच्या पातळीलगत भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने तग धरतात. तेव्हा नुसते पाणी ओतून भागत नाही, कडा घासाव्या लागतात. अंड्यापासून डास होण्यास उष्ण हवेत साधारणतः आठ-दहा दिवस लागतात; आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्याचे कारण हेच.

गतवर्षी आमच्याच प्रवेशद्वारापाशी, शोभेच्या कुंड्यांखालील बशांत अळ्या सापडल्या. इतरांना उपदेश करणाऱ्यांना हे लाजिरवाणेच होते. त्या बशा आता काढल्या आहेत, आणि तापाच्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर त्याच्या घरातील पाणीसाठ्याची नोंद आम्ही घेऊ लागलो आहोत.