‘डिफेन्स’ म्हणजे फक्त भरती नव्हे

बारावीनंतर ‘डिफेन्स’ म्हटलं की नंदुरबारच्या घरांत पोलीस भरती, सैन्य भरती आणि पहाटेचं धावणं एवढंच आठवतं. पण देशादेशांतले बरेच ताण रणांगणाबाहेर, अपुऱ्या साधनसंपत्तीवरून आणि अपप्रचारातून वाढतात. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने पाकिस्तानसोबतचा १९६० चा सिंधू जलकरार स्थगित केला. मे महिन्यात संघर्ष पेटला, तेव्हा व्हिडिओ गेममधली दृश्यं खऱ्या हल्ल्याची म्हणून मोबाइलवर फिरली. हे ताण समजून घेणाऱ्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या माणसांची तयारी आपल्या जिल्ह्यात उत्तम होऊ शकते, असं माझं मत आहे.

आधी पाण्याचंच घ्या. नर्मदा लवादाने १९७९ मध्ये महाराष्ट्राला १०.८९ टीएमसी पाणी दिलं. सरदार सरोवरामुळे आपल्या अक्कलकुवा-अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली. हक्काचं पाणी सातपुड्याच्या पलीकडे, तापी खोऱ्यात आणायचं तर बोगदा हवा. कागदावरचा वाटा शेतापर्यंत का येत नाही, हे ज्याला नकाशावर मांडता येतं त्याला सिंधूचा वादही उलगडतो. अपप्रचाराचा धडा तर याहून कडू. १ जुलै २०१८ ला शेजारच्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याच्या आठवडे बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठार मारलं. अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर पसरली होती. त्याच महिन्यात कंपनीने भारतात मेसेज पाचच चॅटना पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. तेवढ्याने भागत नाही. मेसेज खोटा का, हे भिली, पावरी, अहिराणीत पटवून देणारा माणूस लागतो, आणि तो मुंबईत बसून सापडत नाही.

‘पण नोकरी कुठे?’ पालकांचा प्रश्न रास्त आहे. नुसत्या आंतरराष्ट्रीय सुरक्षेच्या पदवीवर जागा थोड्याच. म्हणून आधी पोट भरणारं कौशल्य घ्यावं. भूशास्त्रात एमएस्सी केली तर यूपीएससीच्या संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षेतून केंद्रीय भूजल मंडळाची वाट खुली होते. भाषेकडे ओढा असेल तर पत्रकारिता आणि बातम्यांची पडताळणी आहे. सामरिक शास्त्राची एमए पुण्यात नंतरही करता येते. इंग्रजीची धास्ती खरी आहे, ती शिकावीच लागेल. पण मेहनतीने ती चार-पाच वर्षांत येते, पाड्यावरची पावरी बाहेरच्याला तेवढ्यात येत नाही. भरतीची तयारी करणाऱ्याने ती सोडावी, असंही नाही. पदवी तिच्या जोडीने होते. प्रवेश घेताना कॉलेजात भूशास्त्र शिकवतात का, प्रात्यक्षिकं खरंच होतात का, हे आधी विचारा. कोर्सच्या नावात ‘ग्लोबल’ आहे का, हे नंतर.