माहीम : खाडीकाठचे एक उपनगर

आपले तिगाव समुद्रापासून शेकडो मैल दूर वसलेले. नदी आपल्याला ठाऊक आहे ती पांढुर्ण्याच्या जाम नदीसारखी; उन्हाळ्यात रोडावणारी आणि पावसाळ्यात दुथडी वाहणारी. परंतु भूमी आणि पाणी यांचे नाते समजून घ्यावयाचे असेल, तर मुंबईतील माहीमचा इतिहास अवश्य वाचावा.

आज अखंड दिसणारी मुंबई पूर्वी सात बेटांची होती. त्यांपैकी उत्तरेकडचे एक बेट म्हणजे माहीम. बिंब राजाने येथे राजधानी वसविली, अशी परंपरागत कथा आहे. ती ज्या ग्रंथात येते, ती 'महिकावतीची बखर' इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली प्रसिद्ध केली. चौदाव्या-पंधराव्या शतकांत येथेच मखदूम अली माहीमी (१३७२-१४३१) हे थोर विद्वान होऊन गेले. त्यांच्या दर्ग्यात सर्व धर्मांचे लोक जातात. शीतलादेवीचे मंदिर आणि सेंट मायकेलचे चर्चही याच परिसरात आहे. आणि या सर्वांच्या सोबतीने आपली होडी व जाळे सांभाळणारा कोळी समाज येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आला आहे.

१५३४ च्या तहाने हा प्रदेश गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेला. पुढे १६६१ च्या विवाह-तहान्वये मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली व १६६८ मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आली. खाडीपलीकडची साष्टी मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत ती मराठ्यांनी जिंकली आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतली. म्हणजे शतकाहून अधिक काळ माहीमची खाडी ही दोन सत्तांमधील सीमा होती. तिच्यावर पहारा ठेवणारा माहीमचा किल्ला आजही उभा आहे.

सीमा पुसली गेली, तरी पाणी राहिलेच. माहीमहून वांद्र्यास जावयाचे तर होडीवाचून गत्यंतर नव्हते, आणि पावसाळ्यात तो प्रवास जिवावरचा असे. खाडीवर रस्ता बांधावा, अशी मागणी होती. पण कंपनी सरकार खर्चास तयार होईना. तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी अवाबाई पुढे आल्या. त्यांनी प्रथम एक लक्ष, व ते अपुरे पडताच आणखी सत्तावन्न हजार रुपये दिले. जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून पथकर घेऊ नये, एवढीच त्यांची अट होती. १८४३ मध्ये सुरू झालेले काम १८४५ मध्ये पुरे झाले. माहीममधील लेडी जमशेटजी मार्ग आजही त्या दानशूर स्त्रीचे स्मरण देतो.

रस्त्यामागून रेल्वे आली. १८६७ साली विरारहून मुंबईकडे पहिली उपनगरी गाडी धावली. वस्ती वाढत गेली, आणि एकेकाळचे स्वतंत्र बेट महानगराचे उपनगर होऊन अखेर शहरातच सामावले. पण वाढत्या शहराने खाडीच्या काठी भराव घातले, तिवरांची झाडी तोडली आणि मिठी नदीत सांडपाणी व कचरा सोडला. विहार व पवई तलावांचे जादा पाणी घेऊन ही नदी माहीमच्या खाडीतच समुद्राला मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्यातच भरतीची वेळ आली. आकसलेल्या नदीला वाट मिळेना. पाणी घराघरांत शिरले आणि शेकडो माणसे प्राणास मुकली.

झालेली चूक थोडीतरी सुधारता येते, याचे उदाहरणही येथेच आहे. मिठीच्या काठी धारावीजवळ, जेथे पूर्वी शहराचा कचरा टाकीत, तेथे झाडे लावून महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभारण्यात आले. आज तेथे पक्षी येतात आणि शाळांतील मुले निसर्ग पाहावयास जातात.

माहीमच्या इतिहासाचा बोध हाच, की माणसांसाठी पाण्यावरून वाट काढणे हे पुण्यकर्म खरे. पण पाण्यासाठी त्याची वाट मोकळी ठेवणे हेही तितकेच मोठे कर्तव्य होय. आपल्या गावच्या ओढ्यात कचऱ्याची टोपली रिकामी होताना दिसली, म्हणजे या दूरच्या खाडीची आठवण ठेवा. पाणी उशिरा का होईना, आपली वाट मागतेच.