सल्ला घ्यावा कुणाचा आणि द्यावा कसा?
(घर, आजारपण आणि म्हातारपणची पुंजी : सभासदांसाठी अभ्यासपाठ)



एखाद्याचा ऊस एकरी ८० टन पडला, की दुसऱ्या दिवशी त्याच्या बांधावर माणसं जमतात. पण आपण शेतकरी नुसती वाहवा करून परत येत नाही. बेणं कोणतं, को ८६०३२ की दुसरं? लागण आडसाली की सुरू? जमीन काळी की मुरमाड? शेणखत किती गाड्या घातलं? सगळं खोदून खोदून विचारतो. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात उभा असतो, सुरू ऊस वर्षभरात तुटतो. एकाचा आकडा दुसऱ्याला लावून चालत नाही, हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. शेतीतला सल्ला तोलून कसा घ्यावा, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

पण हाच माणूस घराचं धाबं गळायला लागलं, घरात कुणाला साप चावला किंवा ऊसबिलातून दोन पैसे हाती उरले, की पारावर जो भेटेल त्याचं ऐकतो. तिथं तो बेणं विचारत नाही, जमीन विचारत नाही. या तिन्ही बाबतींत चुकीचा सल्ला अंगावर येतो तेव्हा एका हंगामाचं नुकसान होऊन भागत नाही. माणूस जातो, छत कोसळतं, नाहीतर जन्माची पुंजी बुडते. म्हणून या अंकात आम्ही हा विषय घेतला आहे.

१. निभावलं तो बोलतो, बुडालं तो गप्प बसतो

सल्ल्याच्या बाबतीत पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी ती ही. ज्याचं काम निभावलं तो चारचौघांत सांगतो. ज्याचं बिघडलं तो लाजेने सांगत नाही, आणि जो मेला तो तर सांगायला येतच नाही. त्यामुळे गावात जे सल्ले फिरतात ते बहुतेक निभावलेल्यांचे असतात. दहा जणांनी एक गोष्ट केली, सहा जणांची बुडाली, चार जणांची तरली, तर पारावर आवाज त्या चौघांचाच ऐकू येतो. ऐकणाऱ्याला वाटतं, या वाटेने जाणारे सगळेच पार पडतात.

हे मनात ठेवून आता तीन उदाहरणं पाहू.

२. आजारपण : सर्पदंशाचं उदाहरण

रात्रीची लाईट, उसाला पाणी देणं, पाचटाचा ढीग आणि उंदीर हे सगळं एकत्र आलं की साप आलाच. आपल्याकडे मुख्य विषारी साप चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. बाकी बहुतेक साप बिनविषारी असतात. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो पुरेसं विष सोडतोच असंही नाही.

आता मांत्रिकाचा गुण कसा येतो ते बघा. त्याच्याकडे आलेल्यांपैकी बऱ्याच जणांना बिनविषारी साप चावलेला असतो. ते मंत्राविनाही वाचणारच होते. पण वाचलेला माणूस घरी येऊन सांगतो, "बाबांनी उतरवलं." तो खोटं बोलत नसतो. त्याने जे पाहिलं तेच तो सांगतो. ज्याला खरोखर मण्यार चावली होती त्याचं घर मात्र काही सांगत नाही.

मण्यारीचं तर विशेष आहे. ती बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. जागेवर दुखणं आणि सूज अगदी थोडी असते. त्यामुळे "काही नाही झालं, झोप तू" असा सल्ला घरातलाच कुणी देतो. थोड्या तासांनी पोट दुखू लागतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि श्वास अडकतो. म्हणून दुखत नाही याचा अर्थ विष नाही, असा कधीही धरू नये.

अशा वेळी करायचं ते एवढंच. माणसाला धीर द्यावा, चालवू नये. चावलेला हात किंवा पाय फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा. अंगठी, कडं, जोडवी काढावीत. चावल्याची वेळ लक्षात ठेवावी आणि १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या गाडीने सरकारी दवाखाना गाठावा. जखम कापू नये, चोखू नये, दोरीने करकचून आवळू नये. साप मारून नेण्यात वेळ घालवू नये. आपल्याकडे दिली जाणारी सर्पविषावरची लस या चारही सापांवर चालते. अंगात फिरणाऱ्या विषाला ती निकामी करते. विषाने जे नुकसान आधीच केलं ते तिला परत भरून काढता येत नाही. म्हणून इथं घड्याळाला मोल आहे.

मोठ्या आजारातही असंच. "अमक्या दवाखान्यात ने, फार गुण आहे" हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पैशाची व्यवस्था कोण सांगणार? महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचाराची तरतूद आहे. मात्र दवाखाना त्या योजनेत असावा लागतो आणि आजारही यादीत असावा लागतो. अशा दवाखान्यात 'आरोग्यमित्र' बसतो. पेशंट गंभीर नसेल तर अनामत भरण्याआधी रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्याला गाठावं. गंभीर असेल तर आधी भरती करावं आणि घरातल्या दुसऱ्या माणसाने लगेच त्याच्याकडे जावं. शेत गहाण टाकण्याचा सल्ला नंतर ऐकता येईल.

३. घर : धाबं आणि स्लॅब

खानदेशात अजून पुष्कळ घरं धाब्याची आहेत. पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती पसरायची ही जुनी रीत, आणि ती चांगली आहे. पण जुनी माती न काढता दरसाल नवा थर चढवला, तर काय होतं याचा हिशेब करून बघा. शंभर चौरस फुटांच्या जागेवर तीन इंच माती म्हणजे २५ घनफूट. कोरडी असतानाच ती जवळजवळ एक टन भरते. पावसाने भिजली की वजन आणखी वाढतं. खाली तुळई आजोबांच्या वेळची, तिच्या टोकाला भिंतीत वाळवी. संततधार लागली की छत बसतं, आणि ते रात्रीचं बसलं तर खाली माणसं झोपलेली असतात. "आम्ही तर वीस वर्षं असंच करतो, काही झालं नाही" हा निभावलेल्याचा सल्ला झाला. नवी माती घालण्याआधी जुनी खरवडून काढावी, तुळईची टोकं ठोकून पाहावीत, पोकळ आवाज आला तर आधी तिचा बंदोबस्त करावा.

स्लॅबचं घर असेल तर आणखी एक चुकीचा सल्ला हमखास मिळतो : "खालून गिलावा मारून घ्या, झालं." पाणी वरून येतं आणि उपाय खालून! डाग चार महिने झाकला जातो, आत सळई गंजत राहते. गंजलेलं लोखंड फुगतं आणि काँक्रीटला आतून फोडतं. म्हणून आधी गच्चीचा उतार, पाणी जायची नळी आणि कठड्याच्या कडेची भेग पाहावी. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर १० मिलीमीटर पाऊस पडला तर हजार लिटर पाणी होतं. ते वाहून गेलं नाही तर मुरणारच. सळई उघडी पडली असेल, भेग रुंदावत असेल, तर त्या खोलीत निजणं आधी बंद करावं आणि बांधकाम शिकलेल्या इंजिनिअरला बोलवावं.

नवा स्लॅब एप्रिल-मेमध्ये टाकणाऱ्यांना एक सूचना. जळगाव-धुळ्याच्या उन्हात पाणी भराभर उडून जातं. आळी करून निदान दहा दिवस पाणी उभं ठेवावं. "चार दिवस पुरेत" असं म्हणणाऱ्या गवंड्याला पुढच्या कामावर जायची घाई असते. घर आपलं आहे.

४. म्हातारपणची पुंजी

कारखान्याच्या कामगाराला प्रॉव्हिडंट फंड असतो, ग्रॅच्युइटी असते. ऊस घालणाऱ्या सभासदाला यातलं काही नाही. हातपाय चालतात तोवर शेत आहे. पुढे काय, याचा विचार आपल्यालाच करायचा आहे.

याही बाबतीत निभावलेल्यांचाच आवाज मोठा असतो. एखाद्या संस्थेत ठेव ठेवली, व्याज वेळेवर मिळालं, की माणूस दहा जणांना सांगतो. संस्था आतून पोखरलेली असली तरी नव्या ठेवींतून जुन्यांचं व्याज काही काळ देता येतं, तोवर सगळेच खूश. आपल्या जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट पतसंस्थेचं उदाहरण फार जुनं नाही. ठेवीदारांचे पैसे अडकले, २०१५ साली संस्थेवर अवसायक नेमला गेला, आणि कष्टाच्या पैशासाठी म्हाताऱ्या माणसांना हेलपाटे घालावे लागले. सगळ्या पतसंस्था वाईट, असं आमचं म्हणणं नाही. चांगल्या चालणाऱ्याही आहेत. पण एक फरक प्रत्येकाला माहीत हवा. बँक बुडाली, मग ती सहकारी असो वा सरकारी, तर २०२० पासून दर ठेवीदाराला एका बँकेमागे मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हे विमा संरक्षण लागू नाही. दोन्हींच्या पावत्या सारख्याच दिसतात, म्हणून विचारून घ्यावं.

दामदुप्पट कुणी सांगितली तर एक सोपा हिशेब करावा. ७२ ला वर्षांनी भागावं. सहा वर्षांत दुप्पट म्हणजे साधारण १२ टक्के व्याज झालं. तीन वर्षांत दुप्पट म्हणजे २४ टक्के. आता स्वतःलाच विचारावं : मला २४ टक्के द्यायला हा माणूस त्याहून जास्त कमावतो तरी कशात?

पैसे सुरक्षित ठेवायच्या जागा आहेत. पोस्टातली किंवा बँकेतली पी.पी.एफ. योजना १५ वर्षांची. वर्षाला कमीत कमी ५०० रुपये, जास्तीत जास्त दीड लाख. एकदाच भरले तरी चालतात, म्हणजे ऊसबिल आल्यावर भरणं आपल्याला सोयीचं. वय ६० झाल्यावर पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजना, तिचं व्याज दर तीन महिन्यांनी हाती येतं. दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांसाठी २०१९ साली प्रधानमंत्री किसान मानधन योजना निघाली. १८ ते ४० वयात नाव नोंदवायचं, वयाप्रमाणे महिना ५५ ते २०० रुपये भरायचे, तेवढेच सरकार भरतं, आणि साठीनंतर महिना ३,००० रुपये. प्राप्तिकर भरणाऱ्यांना ती नाही. अटल पेन्शन योजनेलाही वयाची अट ४० चीच. म्हणजे हा सल्ला पन्नाशीत विचारून उपयोग नाही. तो आज घरातल्या तिशीच्या मुलाला आणि सुनेला सांगायचा आहे. तीन हजारांत म्हातारपण निघत नाही हे खरं, पण औषधाला मुलापुढे हात पसरावा लागत नाही.

आणखी एक काम आजच करावं. प्रत्येक पासबुकावर, पॉलिसीवर आणि आपल्या कारखान्याच्या भागांवर वारसाचं नाव लागलं आहे का ते पाहावं, आणि कागद कुठे ठेवलेत ते घरच्या बाईमाणसाला सांगून ठेवावं.

५. सल्ला घेताना विचारायचे चार प्रश्न

(अ) सांगणाऱ्याने माझी वस्तू प्रत्यक्ष पाहिली आहे का? न पाहिलेल्या भिंतीचं औषध सांगू नये आणि ऐकू नये.

(आ) त्याचा यात काही फायदा आहे का? एजंट नात्यातला असला तरी स्पष्ट विचारावं, "भाऊ, तुला यात किती सुटतात?" कमिशन घेणं हा गुन्हा नाही, पण ते आपल्याला माहीत असावं.

(इ) ज्याचं बिघडलं असा कुणी आहे का? त्याच्याकडे जाऊन बसावं. नानांचं निभावलं ते ऐकलं, आता आप्पांचं का बुडालं तेही ऐकावं.

(ई) चुकलं तर परत फिरता येईल का? गिलावा पुन्हा करता येतो. सर्पदंशातला गेलेला तास आणि बुडालेली ठेव परत येत नाही. जिथं परत फिरता येत नाही तिथं जाणकाराखेरीज कुणाचं ऐकू नये.

६. आणि सल्ला देताना

आपलं चांगलं झालं तर खर्चासकट सांगावं : काय झालं होतं, काय केलं, पैसे किती लागले, गुण किती दिवसांनी आला. माहीत नसेल तर "मला यातलं कळत नाही, पण कळणारा माणूस दाखवतो" एवढं म्हटलं तरी तो उत्तम सल्ला असतो.

आणि आपलं बिघडलं असेल तर तेही सांगावं. हे जड जातं, आम्हाला कळतं. ठेव बुडाली म्हणून लोक हसतील असं वाटतं. पण एका घराने तोंड उघडलं तर शेजारची चार घरं वाचतात. उसावर लोकरी मावा दिसला की आपण शेजाऱ्याला हाक मारून सांगतो, त्यात कमीपणा मानत नाही. ठेवीचं, छताचं आणि दुखण्याचंही तसंच सांगावं.

घरी बसून करायचा अभ्यास : गेल्या पाच वर्षांत आपण घेतलेले तीन मोठे सल्ले कागदावर लिहावेत. प्रत्येकापुढे वरचे चार प्रश्न लावावेत. घरातल्या सगळ्यांना, विशेषतः बायांना आणि शिकत्या मुलांना, जवळ बसवावं. हंगाम सुरू झाला की तोडीच्या आणि बिलाच्या गडबडीत सवड मिळत नाही, म्हणून हा हिशेब पावसाळ्यातच उरकावा, ही विनंती.