संकेतस्थळाची भारचाचणी : माहितीच्या आवक-जावकीचे मोजमाप

शाखेतील रांग डोळ्यांना दिसते. संकेतस्थळावरील रांग दिसत नाही. १६ जुलै २०२१ रोजी महाराष्ट्रात दहावीचा निकाल जाहीर झाला, तेव्हा याचा प्रत्यय आला. विद्यार्थी १५ लाखांहून अधिक होते आणि निकालाची संकेतस्थळे कित्येक तास उघडेनात. असा प्रसंग ग्राहकांवर येऊ नये, यासाठी नवी सेवा सुरू करण्यापूर्वी तिची भारचाचणी घेतात. हजारो ग्राहक एकाच वेळी आल्याची कृत्रिम परिस्थिती निर्माण करून यंत्रणा किती ताण सोसते, हे पाहिले जाते. या चाचणीत ग्राहकसंख्येइतकेच महत्त्व प्रत्येकामागे वाहणाऱ्या माहितीच्या आकारमानास आहे.

डाउनलोडचे गणित

समजा, निकालाचे पान ५० केबीचे आहे आणि दर सेकंदास १०,००० जण ते मागतात. म्हणजे सेकंदाला ५०० एमबी माहिती बाहेर पडणार. जोडणीची क्षमता बिटमध्ये सांगतात आणि एका बाइटमध्ये ८ बिट असतात. म्हणून सेकंदाला ४ गिगाबिट क्षमता हवी. त्याच पानावर चित्रे घालून ते १ एमबीचे केले, तर ही गरज ८० गिगाबिट होते. माणसे तितकीच, भार वीसपट!

अपलोडचा विसर

निकालाच्या बाबतीत माहिती मुख्यत्वे वाचकाकडे येते. बँकेत उलट प्रवासही मोठा असतो. म्हैसूरच्या अग्रहार भागातील एखादा खातेदार केवायसीसाठी २ एमबीची कागदपत्रे घरूनच पाठवितो. उत्तरादाखल त्यास ‘प्राप्त झाले’ एवढाच काही केबीचा संदेश येतो. केवळ डाउनलोड मोजले, तर हा भार अहवालात दिसणारच नाही. असे ५०० खातेदार एकाच मिनिटात आले, तर सेकंदाला सुमारे १३३ मेगाबिट आवक होते.

मोजताना घ्यावयाची दक्षता

‘अपाचे जेमीटर’ या मोफत आज्ञावलीच्या अहवालात दर सेकंदास प्राप्त झालेले व पाठविलेले केबी स्वतंत्र रकान्यांत मिळतात. मात्र पानातील चित्रे व अन्य जोडफाइली उतरवून घेण्याचा पर्याय निवडला नसेल, तर त्यांचे आकारमान मोजले जात नाही. चाचणीसाठी इवलीशी नमुना-फाइल न वापरता प्रत्यक्ष आकाराच्या फाइली वापराव्यात. सरासरीवरही विसंबू नये. ९९ फाइली १०० केबीच्या आणि एक १० एमबीची असेल, तर सरासरी १९९ केबी येते. तेवढ्या आकाराची फाइल मात्र त्यांत एकही नसते.

अर्ज भरताना ‘छायाचित्र २०० केबीहून मोठे नसावे’ अशी सूचना आपण अनेकदा वाचतो. ती काहींना जाचक वाटते. परंतु आपल्या मागे उभ्या असलेल्या, न दिसणाऱ्या रांगेची सोय तीत असते.